पाण्यात पाहायलाही पाणी लागतं

वच्छे,

तुझ्या तेरवीची पत्रिका मोबाइलवर आली. लाल मखमली कड, कोपऱ्यात समई, मधे तुझा तो फोटो ज्यात तू आत्ताच कोणी पाकीट मारल्यासारखी बघतेस. इथवर ठीक होतं. पण खाली एक फुलाफुलांची चौकट, तिच्यावर 'चिमुकल्यांची किलबिल' आणि आत लिहिलेलं : 'आमच्या आजीच्या तेरवीला यायचं हं! – परी, ओम.' त्याच्याही खाली बारीक अक्षरात, 'कृपया आहेर आणू नये.'

तुझ्या सुभाषनं घरातली एखादी लग्नपत्रिका दुकानात नेऊन 'अशीच करून द्या' म्हटलं असणार. दुकानदारानं इमानानं तशीच करून दिली, फक्त लग्न काढून तेरवी घातली.

मी हसले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तू जाऊन नऊ दिवस झालेले असताना, एकटी खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि हसता हसता माझ्या बोटानं तुझं नाव दाबलं. अकोल्यात घंटी वाजली. तुझ्या सुनेनं, सुनंदानं उचललं. "मावशी? आईंचा फोन अजून बंद केला नाही हो." मी म्हटलं, "हो ग, पत्रिका मिळाली म्हणून सांगायला केला." मग बराच वेळ फोन हातात धरून बसले. साठ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे एक चांगला विनोद होता आणि तो चोरायला तू नव्हतीस.

चोरायला हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. मेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. तू माझ्याविषयी काय बोलली असतीस ते मला माहीत आहे, तेव्हा फिटंफाट.

आपण मूर्तिजापूरच्या एका शाळेत, एका बाकावर. माझ्या बापूंच्या दुकानात पेपर यायचा, तो पुडीला जायच्या आधी मी वाचायची. शेवटच्या पानावरचे विनोद पाठ करायची आणि मधल्या सुट्टीत स्वतःचे म्हणून सांगायची. म्हणजे चोरीचा धंदा आधी मीच सुरू केला, हे कबूल. आरशासमोर उभी राहून सराव करायची, कुठं थांबायचं, कुठं भुवई उडवायची. काय शहाणी मुलगी होती ती! दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत धूळ आणि चेहऱ्यावर जगातली पहिली विनोदी बाई असल्याचा आव. मी सांगायची, मुली थोड्या हसायच्या. मग तू तोच विनोद उलटा-सुलटा करून, शेवट आधी आणि सुरुवात नंतर अशी सांगायचीस, आणि मुली बाकावरून खाली पडायच्या. कारण तू तो सांगता सांगता स्वतःच इतकी हसायचीस की तुला उचकी लागायची. शेवटचं वाक्य कधी कोणाला ऐकूच यायचं नाही. मला तेव्हापासून वाटायचं, काय पण गर्व! स्वतःच्याच बोलण्यावर स्वतःच हसते.

लग्न होऊन मी अमरावतीला आले, तू अकोल्याला गेलीस. माझं सासर शिकलेलं. नव्या सुनेनं आठ दिवसांत 'मले-तुले' टाकून 'मला-तुला' धरलं. 'काहून' गेलं, 'का बरं' आलं. पहिल्या दिवाळीला तू आलीस तेव्हा मी पेपरातली एक बातमी तुला त्या शुद्ध भाषेत रंगवून सांगितली. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"झालं सांगून?"

"हो. का बरं?"

"मले वाटलं आकाशवाणी लागली." आणि माझ्या सासूकडे वळून, "बाई, हिले कोणाची नजर लागली काय वो? आमच्या गावाहून तं चांगली पाठवली होती."

सासू हसली. जी बाई माझ्याकडे बघून वर्षभरात हसली नव्हती, ती पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण दोन पातेली घासली. जळणं म्हणजे काय ते ज्यांना शिकायचं असेल त्यांनी तेव्हाच्या इंदूला बघायला हवं होतं. भाषा सुधारली होती बिचारीची, पण तिचा एकही विनोद त्या भाषेत उभा राहत नव्हता. तू मात्र तशीच राहिलीस. दोन पोरांची आई झालीस, चार नातवंडांची आजी, तरी 'मले'चं 'मला' झालं नाही.

मग फोन आले, मग मोबाइल. सकाळी सात वाजता पेपर वाचून मी माझा माल तुला पाठवायची, आवाजात, कारण टाइप करायला तुला यायचं नाही आणि मला चष्मा सापडायचा नाही. आठ वाजता तुझा यायचा. पक्ष बदललेल्या कुणा पुढाऱ्याचा फोटो बघून मी म्हटलं होतं, "दुपट्टा नवा, मान तीच." तू पाठवलं होतंस, "विद्यापीठात बिबट्या आला म्हंते. बरं झालं वो माय, कोणाची तरी रोजची हजेरी लागून राहिली." हवामानवाले 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणाले की तू म्हणायचीस, "तुरळक म्हंजे आपली गल्ली सोडून." आणि भविष्याच्या सदरात 'आज प्रवास टाळा' आलं तेव्हाचं तर भिंतीवर लिहून ठेवायच्या लायकीचं होतं. दीड तास स्टँडवर उभी राहून कोणी बोललं असावं असं. "मी कायले टाळू? एसटीच मले टाळून राहिली!"

ते ऐकून मी हसायची नाही आधी. आधी माझ्या पोटात दुखायचं. हे मला का नाही सुचलं? तोच पेपर, तीच बातमी, तेच भविष्य!

संध्याकाळी सात वाजता आपण दोघी फोन चालू ठेवून तीच ती मालिका बघायचो. तुझ्याकडे केबल, माझ्याकडे गच्चीवरची छत्री. माझं चित्र तुझ्यापेक्षा तीन-चार सेकंद मागं. त्यामुळे खलनायिका आली की तू आधीच हसायला लागायचीस आणि मी तिकडे फोन धरून बसलेली, की आता काय होणार. "इच्या मनातलं साऱ्या गल्लीले ऐकू येते वो, फक्त बाजूले उभ्या सुनेले येत नाई!" हे तू बोलून मोकळी व्हायचीस आणि मग माझ्या पडद्यावर ती बाई मनातल्या मनात बोलायला लागायची. त्या तीन-चार सेकंदांचा मला किती राग होता म्हणून सांगू! मी नातवाला दोनदा छत्रीवाल्याकडे पाठवलं. तो म्हणाला, आजी, आभाळात जाऊन यायला एवढा वेळ लागणारच.

आता ते पाण्याचं. ते आज काढावंच लागेल.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या पेपरात आलं होतं की नळ आता थेट पुढच्या आठवड्यात. त्या बातमीवरचा आपला विनोद असा : अकोल्यात कोणी कोणाले पाण्यात पायत नाई, पानीच नाई तं पायतीन कशात? हा विनोद माझा. निदान मी आजवर सगळ्यांना असंच सांगत आले. आणि तो तू सुभाषच्या पोराच्या बारशात, चाळीस बायांसमोर, उचकी लागेपर्यंत हसत सांगितलास. बाया लोळल्या. मी पानावरून उठून म्हटलं, "हा माझा आहे."

पाळण्याजवळची फिरकी तेवढी वाजत होती. तू डोळे पुसत म्हणालीस, "तुहा हाय तं घेऊन जाय अमरावतीले. पन तिथं चालनार नाई तो. तुमच्याकडं एक दिवसाआड पानी येते."

बाया पुन्हा लोळल्या. मी जिलबी तशीच टाकून बडनेऱ्याची गाडी पकडली आणि चार महिने तुला फोन केला नाही. चौसष्ट वर्षांची घोडी, नातवंडं शाळेत, आणि एका विनोदावरून रुसून बसलेली. घरच्यांना सांगितलं, कान दुखतो म्हणून फोनवर बोलत नाही. घरच्यांनी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं मळ काढला. राग काढायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं.

त्या चार महिन्यांतच तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे मला नंतर कळलं. मी आले नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, मीही माफी मागितली नाही. मी फोन केला तेव्हा तू एवढंच विचारलंस, "कान बरा हाय काय?" तुला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

तेरवीला आले मी. जेवणं झाल्यावर बाया बसल्या आणि सुनंदा म्हणाली, "आईंचा तो पाण्याचा जोक आठवते काय?" सगळ्यांना आठवत होता. एकजण सांगायला लागली. आईंचा! मी सुपारी कातरत बसले. तुझ्या फोटोला हार होता, त्याच्या आड तू तशीच बघत होतीस, पाकीट गेल्यासारखी. मी ठरवलं, सोड इंदे, आज तरी सोड.

तेवढ्यात कोपऱ्यातून पांढऱ्या किनारीच्या साडीतली एक उंच बाई म्हणाली, "मले तं रोज येत होता त्यायचा मेसेज. सकाळी साडेसातले. एक दिवस खाडा नाई."

साडेसातला!

मला आठला यायचा. वच्छे, मला आठला यायचा. म्हणजे अर्धा तास आधी तू कोणाला तरी ताजं वाढत होतीस आणि मला शिळं? कोण ही बाई? सुनंदानं सांगितलं : मालाबाई, परतवाड्याच्या, सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. तुमच्या दोघींचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं. तुझा डावा डोळा बांधलेला, तिचा उजवा. दोघींत मिळून एक पेपर वाचायचात. उजवीकडचे रकाने तू आणि डावीकडचे ती. "अशा हसायच्या का, टाके तुटतीन म्हणून डॉक्टर वरडले," सुनंदा म्हणाली.

म्हणजे मी ज्या चार महिन्यांत कान धरून बसले होते, त्याच चार महिन्यांत माझी जागा भरली गेली. आणि भरू दिली कोणी? मीच. परतीच्या गाडीत माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "जवळचं कोनी गेलं काय?" मी म्हटलं, "हो. आणि एक जवळचं निघालं." तिला काही कळलं नाही. मला मात्र बडनेऱ्यापर्यंत एकच प्रश्न होता, आणि आजही हे लिहिते आहे ते त्याच्याचसाठी : तू खरी हसायचीस ती कोणाबरोबर? तिच्याबरोबर की माझ्याबरोबर? तुझ्या जाण्याचं दुःख करायचं सोडून मी हे मोजत होते. मोजत होते म्हणून रडायला वेळ मिळाला नाही, हाही एक फायदाच.

आठ दिवसांनी फोन आला.

"जय भीम इंदूताई. मी मालाबाई, परतवाड्याहून. सुनंदाकडून नंबर घेतला."

"जय भीम. बोला."

"नाई, म्हटलं… तुमाले बी मेसेज येत होते म्हंते. खरं हाय काय?"

आवाजावरून ओळखलं मी. जळणाऱ्याला जळणारा ओळखू येतो. ती म्हणाली, "मले वाटलं होतं, मलेच येतात."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"कोणते येत होते? एखादा सांगा बरं."

मी ऐटीत बिबट्याचा सांगितला. हजेरीचा.

"ताई, तो माहा हाय."

"तुमचा?"

"माहा! मीच पाठवला होता त्याइले. आमच्याकडं मेळघाटाच्या तोंडावर बिबट्यायची काय कमी? एसटीचा बी माहाच हाय. परतवाड्याच्या स्टँडवर सुचला होता मले, उन्हात."

मी खुर्चीवर सरळ बसले. "बरं, आता तुम्हाला आलेला एखादा सांगा."

"दुपट्टा नवा, मान तीच."

वच्छे, तो माझा. खलनायिकेच्या मनातलं तेवढं बहुतेक तुझं, कारण ते तू माझ्या कानात सेकंदभरात म्हटलंस. बाकी सगळा हिशोब आम्ही अर्ध्या तासात लावला. सातला मी तुला पाठवायची. साडेसातला माझा माल परतवाड्याला जायचा. तिकडून तिचा यायचा आणि आठला अमरावतीला यायचा. माझ्या नावाचा पत्ता नाही, तिच्या नावाचा पत्ता नाही.

मालाबाई म्हणाली, "म्हंजे बाईनं दोघींले चुना लावला."

"अकोल्याची शेवटी. माल इकडचा तिकडं, आणि मधे बसून राहायचं."

"आन आपन दोघी जळून राहिलो त्याइच्यावर!" ती हसायला लागली. मी नाही हसले लगेच. मी तिला पाण्याचा सांगितला. म्हटलं, हा पण माझाच, आणि हा तिनं चाळीस बायांत स्वतःचा म्हणून सांगितला.

मालाबाई म्हणाली, "सवताचा म्हणून सांगतला काय? त्या 'माहा हाय' म्हटल्या होत्या?"

मी आठवायला लागले. नाही म्हटलं होतंस. बारशात नाही, शाळेत नाही, कधीच नाही.

"ताई, मी नर्स होती. मानसं पाह्यलेत. आपला सवताचा जोक सांगतानी मानूस हसत नाई, समोरचा हसते काय ते पायते. तुमी नाई पायत काय? मी तं पायतो. आन वच्छलाबाई सांगायच्या आंधीच हसत. म्हंजे त्याइले तो दुसऱ्याचा वाटत होता, हरखेपेले नवा."

साठ वर्षं मी ज्याला तुझा गर्व समजत होते, त्याचं ह्या परक्या बाईनं एका वाक्यात काय केलं बघ. मी आरशासमोर भुवई उडवत होते, तू बाकावरून पडत होतीस. मला लोकांनी हसायला हवं होतं, तुला हसायला हवं होतं, एवढाच फरक होता आपल्यात. आणि मी तुझ्या विनोदांवर जळले, जे तुझे नव्हतेच. जळायचं होतं तर त्या हसण्यावर जळायला हवं होतं. ते मला ह्या जन्मात जमलेलं नाही. मी अजूनही हसायच्या आधी विचार करते की हे मला का सुचलं नाही.

आता एक कबूल करते, तू नाहीस म्हणून. पाण्याचा विनोद पूर्ण माझा नव्हता. तू फोनवर बातमी वाचून दाखवलीस. मी म्हटलं, "मग तुमच्याकडे कोणी कोणाला पाण्यात पाहत नसेल." एवढंच माझं. "पानीच नाई तं पायतीन कशात," हे तू म्हटलंस, आणि त्याच्यावरच लोक हसतात. मला ते त्याच दिवसापासून माहीत आहे. बारशातसुद्धा माहीत होतं.

फोन ठेवायच्या आधी आम्हाला दोघींना एकदमच एक गोष्ट लक्षात आली. माझ्या मोबाइलमधे तुझे सगळे मेसेज आहेत, पण त्यांत तू हसतेस ती मालाबाईच्या विनोदांवर. माझ्यावर हसलेली तू परतवाड्यात आहेस, तिच्या मोबाइलमधे.

"मला पाठवता का?" मी विचारलं.

"पयले तुमी पाठवा," मालाबाई म्हणाली.

"तुम्ही लहान आहात. तुम्ही आधी."

"लहान हाय म्हणून तं. लहानाले आंधी वाढतेत."

दोन दिवस कोणी काही पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बिबट्याचा पाठवला. एकच. लगेच तिकडून एक आला. तोही एकच.

बाल्कनीत जाऊन, दार लावून ऐकला. "मालाबाई, आयका," असं तू म्हणतेस. मग हसायला लागतेस. "आज सकाळी ना… आज सकाळी इनं…" आणि पुन्हा हसतेस. 'इनं' म्हणालीस. नाव नाही घेतलंस, पण 'इनं' म्हणालीस. मग उचकी. मग सुनंदाचा आवाज, "आई, पाणी देऊ का?" मग आणखी उचकी, आणि मेसेज संपतो. विनोद सांगायचा राहूनच गेला.

खाली मालाबाईनं लिहिलं होतं, 'ताई, हा जोक मले आखरीलोक समजला नाई. त्याइले इचारलं तं पुन्हा हसत. तुमाले तं मालूम असन. कोणता होता?'

मला माहीत आहे. तारीख सांगत नाही, पण त्या सकाळी मी तुला काय पाठवलं होतं ते शब्दाशब्दानं आठवतं. बाल्कनीत उभी राहून मी मेसेज अजून तीनदा ऐकला. मग चष्मा शोधला आणि एका एका अक्षरावर बोट ठेवत परतवाड्याला उत्तर टाइप केलं :

'नाई आठवत बाप्पा.'